पाण्याचं वाक्य

गुरुवार, ९ ऑक्टोबर २००३

मार्चनंतर आज. मधली पानं कोरी राहिली, त्याबद्दल माफ कर. काही घडत नव्हतं असं नाही. घडत होतं ते माझं नव्हतं — विजयची बढती, अनयचं दहावीचं वर्ष. आज मात्र माझं स्वतःचं काहीतरी आहे!

दिवाळी तोंडावर आली, घरोघरी तळण निघणार, म्हणून आमच्या कंपाउंडच्या क्लबहाउसमागे सिव्हिल डिफेन्सचे, म्हणजे इथल्या अग्निशमन दलाचे लोक आले होते. बायकांना आग विझवायला शिकवायला. ट्रेनरचं नाव कमाल. सुदानी, ताडमाड उंच, आवाज मऊ. इंग्रजी छान, पण निम्म्या बायकांना ते कळेना. शेजारच्या सरोजने मला पुढे ढकललं. "विभावरी, कॉलेजात इंग्रजी शिकवायचीस ना? मग हो उभी! यल्ला, चल!"

झाले उभी. आधी गॅस बंद. कढईवर झाकण. आगीचं ब्लँकेट कसं धरायचं. धुरातून वाकून कसं निघायचं. फोन ९९९. ते सांगत, मी मराठीत सांगे, मध्येच एखादा विनोद. वारा सुटला म्हणून शेवटचा प्रयोग त्यांनी करून दाखवला नाही, नुसता तोंडी सांगितला. साडेसहा होऊन गेले होते, नंतरच्या चहासाठी केलेले वडे निवत होते. मीही शेवट जरा आवरता घेतला. पण सगळ्या हसत होत्या! टाळ्या! अनयने हँडीकॅमवर सगळं घेतलंय.

निघताना कमाल म्हणाले, "यू आर अ बॉर्न टीचर, मॅडम." हे मी विजयला दोनदा सांगितलं. आठ वर्षांत इथे आखातात मला असं कोणी काही म्हणालं नव्हतं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

करंज्यांचं सारण भाजलं. "बॉर्न टीचर" अजून डोक्यात. पुरे आता!

रविवार, १९ ऑक्टोबर

उल्का भाजली.

उल्का म्हणजे बालाजीची बायको. मागच्या ओळीत राहतात. लातूरकडची, बावीस-तेवीस वर्षांची. लग्नानंतर दोन वर्षं व्हिसाची वाट बघून जूनमध्ये आली. हिंदी जेमतेम, इंग्रजी नाहीच. त्या दिवशी पहिल्या रांगेत होती, शाळेतल्यासारखी हाताची घडी घालून.

सकाळी अकराच्या सुमारास किंकाळी ऐकली, धावले. चकल्या तळताना तेल पेटलं आणि तिने वरून तांब्याभर पाणी ओतलं. भडका छतापर्यंत गेला. उजवा हात, मान, गालाची कड. बंब सात मिनिटांत आला. मी घड्याळ बघत होते, दुसरं काही सुचत नव्हतं.

तिला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा एक जवान माझ्याकडे वळला. "मॅडम, यू स्पीक हर लँग्वेज? आस्क हर — नोबडी टोल्ड हर? नो वॉटर ऑन ऑइल!"

मी उल्कावर वाकले. आणि विचारलं, "फार दुखतंय का गं?"

"लई आग व्हायलीय, वहिनी."

वळून त्याला म्हणाले, "शी सेज शी इज इन पेन."

सोमवार, २० ऑक्टोबर

इथे तरी खरं लिहायला हवं, नाहीतर वही हवीच कशाला?

कमाल यांनी शेवटी तोंडी सांगितलं ते हेच होतं. पेटलेल्या तेलावर कधीही पाणी टाकू नका. मी ते मराठीत सांगितलं नाही. का? जन्मभर तळण करणाऱ्या बायकांना हे काय सांगायचं, असं वाटलं. वडे निवत होते. ही दोन कारणं. तिसरं हे, की सगळ्या हसत होत्या आणि मला त्या हसण्यावरच संपवायचं होतं.

नऊ तारखेचं पान उघडलं. "मीही शेवट जरा आवरता घेतला." काय सफाई आहे!

बुधवार, २२ ऑक्टोबर

हॉस्पिटलात गेले. सफरचंदं नेली.

बालाजी तिच्या पलंगाशी उभा राहून तिला रागावत होता. मला बघून त्याला आणखीच जोर आला. "तुम्हीच सांगा वहिनी, एवढं मराठीत समजावलंत की नाही तुम्ही? एवढ्या बायकांत हिलाच कळलं नाही! माझी बारा तास ड्युटी. हिला घरात एकटी ठेवायची आता भीती वाटायलीय. डॉक्टरनं सोडलं की गावाकडंच पाठवतो. सोमवारचं तिकीट बघायलोय."

उल्का छताकडे बघत म्हणाली, "माझंच ध्यान नव्हतं. वहिनींनी चांगलं सांगितलं होतं."

"बघा! कबूल तरी करायलीय."

मी सफरचंदं टेबलावर ठेवत राहिले. एकेक. देठ वर करून!

तो चहा आणायला गेला तेव्हा तिने डाव्या हाताने माझा पदर धरला. "वहिनी, तुमचं ऐकतेत ते. मला नाही जायाचं म्हणून सांगा की. दोन वर्षं वाट बघितली हो मी."

"सांगते," म्हणाले. तो चहा घेऊन आला. मी चहा प्यायले आणि घरी आले.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

सरोज म्हणाली, "खेड्यातली पोर गं. कानावर पडलं तरी डोक्यात शिरायला नको?" सरोजला इंग्रजी येतं. तिने ते वाक्य थेट कमाल यांच्याकडून ऐकलं, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं असं तिला वाटतं. मी म्हणाले, "हो ना." — हो ना!

विजयला सांगितलं. सगळं.  तो म्हणाला, "खलास, झालं ते झालं. तेलावर पाणी टाकू नये हे तिला माहेरी कोणी सांगितलं नाही, तो तुझा दोष का? शिवाय बालाजी माझ्या हाताखाली आहे. मी त्याला रोज तोंड कसं दाखवू?"

मलाही नेमकं तेच ऐकायचं होतं. म्हणूनच आधी विजयला सांगितलं, बालाजीला नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

बालाजीचा फोन. अनयने काढलेली टेप हवीय. "हिला दाखवतो. आपलं काय चुकलं ते कळू दे जरा."

अनयने टेप शोधून काढली. "आई, आय वॉज गोइंग टू टेप द मॅच ओव्हर इट. ओके?"

'ओके' अगदी ओठांवर आलं होतं. तो बटणावर बोट ठेवून उभा.

"दे इकडे," म्हणाले.

शनिवार, २५ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

विजय आणि अनय सरोजकडे फराळाला गेले. मी डोकं दुखतंय म्हणून थांबले. टेप लावली.

कमाल म्हणतात, "नेव्हर, नेव्हर वॉटर." मी हसून वळते. "बाकी तळणाचं आपल्याला कोण शिकवणार! चला, वडे निवतायत." हशा. टाळ्या. खुर्च्या सरकतात.

मग पहिल्या रांगेतून बारीक आवाज. "वहिनी, वॉटर वॉटर काय म्हणायलेत ते? पाण्याचं काय?"

आणि माझा आवाज. "काही नाही गं. विशेष काही नाही."

मला हे आठवतच नव्हतं! तिला आठवत होतं. तरी छताकडे बघत "माझंच ध्यान नव्हतं" म्हणाली.

उद्या — टेप घेऊन हॉस्पिटलात. बालाजी असताना.