तिसऱ्या अंकातली धाप

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (अर्धाच वाकून. पूर्ण वाकलं की धाप लागते, तेव्हा उरलेला अर्धा उधार ठेव.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजी कानातलं यंत्र कानात घालतात की अजून खिशात घेऊन फिरतात? मी मजेत आहे, काळजी नसावी, असं लिहून पाकीट चिकटवणार होतो. पण तू माझं अक्षर बघूनच खोटं ओळखतेस, म्हणून सगळं सांगून टाकतो.

माझ्या हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यामुळे ठोके मनाला येईल तेव्हा पडतात. याला ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात. (नाव मी लगेच पाठ केलं, सवयच आहे.) रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे दाढी करताना जरासं कापलं तरी टॉवेल भिजतो. झोपायला तीन उशा लागतात. दम लागला की ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा हळूहळू श्वास सोडायचा, हे नर्सबाईंनी शिकवलं. जिन्यात दर चार पायऱ्यांनी थांबतो. नुसतं थांबलं की लोक चौकशा करतात, म्हणून मी भिंतीवरच्या नोटिसा वाचत असल्याचं दाखवतो. इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या सफाईचं वर्षभराचं वेळापत्रक आता मला तोंडपाठ आहे, तुला हवं असल्यास कळव.

आता मुख्य फजिती. तीस वर्षं मी विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवत आलो, हे तुला माहीत आहे (आणि पसंत नाही, हेही मला माहीत आहे). या कामातली खुबी एवढीच, की आवाज नटापर्यंत जावा आणि पहिल्या रांगेपर्यंत जाऊ नये. सध्याच्या नाटकात तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला बाप मरून पडलेला असतो. ते काम करणारे नट वीस वर्षं बापाचीच कामं करतात, म्हणून आम्ही त्यांना पिताजीच म्हणतो. त्यांची खाट डाव्या विंगेला लागून, म्हणजे माझ्या नाकासमोर. मुलगी येते, बघते, आणि अर्धं मिनिट रंगमंचावर पूर्ण शांतता. त्या दिवशी दुपारच्या प्रयोगाला मी नेमका चष्मा खाली मेकअपच्या खोलीत विसरलो आणि चौदा पायऱ्या न थांबता चढून आलो. शांतता सुरू झाली आणि तिच्यात माझी धाप! चंबू केला, तर शिट्टीसारखा आवाज यायला लागला. पहिल्या रांगेतल्या एक बाई उभ्याच राहिल्या आणि ओरडल्या, “अहो, ते जिवंत आहेत!” पिताजींना वाटलं, आपलंच पोट हलतंय. त्यांनी मेल्याचं सिद्ध करायला श्वास कोंडून धरला, लालबुंद झाले, आणि जोरात ठसका लागून उठूनच बसले. मुलीचं काम करणारी मोठी हुशार. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही परत आलात?” आणि पुढच्या वाक्यासाठी माझ्याकडे बघायला लागली. मी संहिता चाळली. तिच्यात बाप परत येत नाही.

पडदा पाडावा लागला. आता आपली गच्छंती, असं धरून मी पिशवी भरायला घेतली, तर दिग्दर्शक आले, माझ्या तोंडाशी कान नेऊन बराच वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, “हेच पाहिजे होतं मला!” तेव्हापासून अंक बदलला आहे. बाप आता प्रेक्षकांसमोर मरतो. छाती पिताजींची, श्वास माझा. (त्याआधी मी त्या चौदा पायऱ्या दोनदा चढतो, म्हणजे धाप ताजी मिळते.) मुलीने कपाळावर हात ठेवला की मी श्वास थांबवायचा. मनात बारा आकडे मोजेपर्यंत, म्हणजे पडदा पडेपर्यंत. इतकं खरं मरण आजवर कुठल्याही रंगमंचावर पाहिलं नाही, असं लोक म्हणतात. पिताजींना पुष्पगुच्छ मिळतात. ते भले गृहस्थ आहेत, त्यातलं एखादं फूल माझ्या खिशात खोचतात.

श्वास थांबवला ना ताई, की आतलं ऐकू येतं. दोन ठोके, मग काहीच नाही, मग एकदम पाच-सहा घाईघाईने. त्या ‘काहीच नाही’मध्ये मला दर वेळी वाटतं, संपलं. मला फार भीती वाटते. (हे वाक्य भाऊजींना वाचून दाखवू नकोस.) डॉक्टर म्हणतात, काही आठवडे गोळ्या झाल्या की विजेचा छोटासा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणता येतील, भूल देतात, दुखत नाही. पायऱ्यांचं आणि बारा आकड्यांचं मी त्यांना सांगितलेलं नाही. झटक्याची तारीख मी दोनदा पुढे ढकलली. कारण मधल्या काळात दिग्दर्शकांनी सगळ्या नटांना वाक्यं ऐकू येणारी यंत्रं कानात बसवून दिली आहेत, बोलणारा माणूस वर काचेच्या खोलीत बसतो. विंगेत माझं काम उरलंय ते धापेचंच. ती बरी झाली तर मी दुपारी तीन वाजता जायचं कुठे? तुझी भावजय गेल्यापासून घरात मी, रेडिओ आणि तीन उशा. इतकी माणसं रोज माझी वाट बघतात, ती धापेची का असेना, ते सोडवत नाही.

असो. रडगाणं पुरे. गुडघ्यांना जप, भाऊजींना नमस्कार सांग (जरा मोठ्याने).

तुझा, साठी उलटली तरी धाकटाच

ता. क. झटक्याची तिसरी तारीख येत्या सोमवारची, सकाळी नऊची आहे. तू ओरडशील म्हणून वर लिहिलं नाही, पण तीही ढकलायला मी काल फोन केला होता. मला इतकी धाप लागली की तिकडच्या बाई म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही आत्ताच या, सोमवारची वाट बघू नका.” मी घाबरून फोन ठेवून दिला. म्हणजे तारीख अजून आहे.

ता. क. २. शनिवारचं तिकीट सोबत ठेवलंय, पहिल्या रांगेचं, डाव्या कडेचं. नाटक बघायला बोलावत नाही. पडदा पडला की टाळ्यांचा इतका कडकडाट होतो की माझा श्वास पुन्हा सुरू झाला की नाही, ते कोणालाच ऐकू येत नाही, आणि सगळे पिताजींकडे धावतात. तू टाळ्या वाजवू नकोस. सरळ डाव्या विंगेत ये, आधी माझ्याकडे बघ, आणि लहानपणी धरायचीस तसा कान धरून मला सोमवारपर्यंत सोडू नकोस.