दाराची कडी

पिंटू बाबू,

तू नंबर बदलला, पण हैदराबादले कोण्या गॅरेजात हायेस, हे पांढरकवड्याच्या एका ट्रकवाल्यानं सांगतलं. तुह्या बाबांनी पत्ता माह्या हातात देल्ला आन् म्हणाले, "लिही त्याले, येते तो." तू गेल्यापासून ते हेच म्हणून राह्यले. पोळ्याले येते, दिवाळीले येते. एवढं बोललं का त्याईले झोप लागते.

मले तसं बोलता येत नाही. मी फक्त रात्री दाराची कडी लावत नव्हती. कुत्रं भुकलं तरी उठून बसू.

परवा सलोनी स्कूटी शिकून राह्यली होती. वळणावर तोल गेला आन् तुही बायको सरळ उकिरड्यात. मी धावत गेली, तर ती शेणानं भरलेली तिथंच बसून हसून राह्यली. मलेही हसू आवरेना. मीही बसली तिच्याजवळ. तू घरी होता तवा तुह्या पावलाचा आवाज आला का ही पोरगी चूप होऊन जाये. बाबांचं ते बोलणं आन् माहं ते जागणं, यात सुख कुठंच नव्हतं, हे मले उकिरड्यात बसून समजलं.

हे पत्र मी टाकत नाही. बाबांनी विचारलं तर टाकलं म्हणीन. तू माह्या पोटचा हायेस, तुही आस काही सुटत नाही. जिथं असशील तिथं जेवून-खाऊन राय.

पण परवाच्या त्या रात्री मी कडी आतून लावली, आन् उजाडेपर्यंत झोपली.

तुही आई,
विमल