कमलबाई नावाचं मॉड

४ नोव्हेंबर, शहादा
नोकरी लागली! धडगावहून जीप बदलत आले, तरी थकवा म्हणून नाही. पुनीतभाईंच्या कापडदुकानाच्या माडीवर माझं काम. व्हिडिओ गेममधल्या पात्रांना नवे कपडे, नवे चेहरे चढवायचे. अशा फायलींना मॉड म्हणतात. त्या मी बनवायच्या, नाव द्यायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं. पुनीतभाई ते मॉड इंटरनेटवर खेळून दाखवतात आणि बघणारे आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतात.
राहायला कमलबाईंकडे खोली मिळाली. एकट्याच असतात, ब्लाउज शिवतात. आल्याआल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर वाढली आणि माझ्या ड्रेसची उसवलेली बाही न विचारताच शिवून टाकली.

९ नोव्हेंबर
गेममधल्या बाजारात एक परदेशी भाजीवाली होती. तिला आज कमलबाईंचा चेहरा बसवला, हिरवं लुगडं नेसवलं, ठसठशीत कुंकू लावलं. फोल्डरला नाव दिलं ‘कमलबाई’. फोनवर दाखवलं, तर तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. “मी टीवीमा शे व माय!”

१३ नोव्हेंबर
लुगड्यातून गुडघे आरपार दिसत होते, म्हणून पात्राचा सांगाडा बदलला. नवा जुळला नाही. असं झालं की पात्र दोन्ही हात आडवे पसरून ताठ उभं राहतं. भाजीवाली तशीच बाजारभर घसरत फिरली. पुनीतभाई हसून हसून लोळले. मी दुरुस्त करायला बसले तर म्हणाले, हात लावू नकोस, लोकांना हेच आवडणार. तशीच फाईल सगळ्यांना दिली.
घरी आले. कमलबाई मशीनसमोर उभ्या होत्या, हात पसरून.
“पोरी, मन्हा हात खाले येतस नही.”

१५ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणतात नसांचा आजार. दोघांनी जोर लावून हात दाबले, तर खांदा कटकन वाजला. मीच भरवते, मीच अंघोळ घालते. आज शेजारणीने गंमत म्हणून त्यांच्या हातांवर ओले कपडे वाळत घातले. सगळी गल्ली हसली. कमलबाईही हसायला बघत होत्या.

१६ नोव्हेंबर
माझ्या कॉम्प्युटरवरून मॉड काढून टाकलं. फरक नाही. ते आता लोकांकडे आहे. लोक तिला गाडीखाली घालतात, गच्चीवरून ढकलतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात. इथे कमलबाईंच्या पाठीवर टायरचे वळ उठलेत.
पुनीतभाईंना सगळं सांगितलं. ते बघायला आले. वाटलं, घाबरतील. त्यांनी कमलबाईंभोवती फिरून व्हिडिओ काढला. म्हणाले, लोकांना म्हातारीचा कंटाळा आला की बघू.

१८ नोव्हेंबर
त्याच नावाखाली नव्या चेहऱ्याची फाईल पाठवली, की सगळ्यांकडचा जुना आपोआप पुसला जातो. पुनीतभाईंचे फोटो हवे तेवढे आहेत. ते जेवायला गेले आणि मी—
कमलबाईंचे हात पडले. धपकन. त्या रडल्या. मी नाही रडले.

१९ नोव्हेंबर
पुनीतभाई गल्ल्यापाशी उभे. हात पसरून. गिऱ्हाइकं हसत होती. मीही हसले. जास्तच हसले— त्यांनी पाहिलं.

२० नोव्हेंबर
कामावर आले, तर त्यांच्या भावाने, रिषभने, गठ्ठ्यांच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी लावली. भिंतीपलीकडे तो माझ्या कॉम्प्युटरवर बसलाय. पुनीतभाई ओरडून सांगतायत, कुठलं फोल्डर उघडायचं. कुठला फोटो—
माझा.
मी दार बडवतेय. विनवलं, सगळं नीट करून देते म्हटलं. रिषभ विचारतोय, सगळ्यांना पाठवू का—
पुनीतभाई म्हणाले, पाठव.
पलीकडे कुणीतरी टाळी वाजवली. पुनीतभाई हसतायत. पुन्हा टाळी. त्यांचे हात—
माझा डावा खांदा— वही गुडघ्याने दाबून धरलीये— आई, उजवा पण वर जा