माळ अजून जागेवरच आहे

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं लोटली, तरी आज मला तुमच्याशी भांडायचंच आहे. प्रबंधात एका डोंगरउताराबद्दल मी लिहिलं होतं, "हा उतार पुन्हा सरकणार." तुम्ही ते वाक्य खोडलंत आणि प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर म्हणालात, "माती बघून भविष्य सांगायला तू कुडमुडी जोशी आहेस का? 'शक्यता नाकारता येत नाही', एवढंच लिहायचं." मी मुकाट्यानं तेवढंच लिहिलं. संध्याकाळी तुम्हीच तुमचं भिंग माझ्या हातात ठेवलंत. रागवावं की पाया पडावं, मला कळेना.

गेल्या उन्हाळ्यात जमीन तपासायला पन्हाळ्यापलीकडच्या एका वाडीवर गेले. दरडीच्या भीतीनं कड्याखालची घरं हलवून शेजारच्या माळावर न्यायची होती. माळ दिसायला देखणा, उतारही बेताचा. मी चर खणायला लावला. पुरुषभर खाली पांढुरकी माती लागली, हाताला साबणासारखी. ढेकूळ फोडलं, तर आतली बाजू घासूनपुसून काढल्यासारखी चकचकीत, आणि तिच्यावर ओरखडे, सगळे दरीच्या दिशेनं. तुमच्याच भिंगातून पाहिले मी ते. कोल्हापुरात आणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर मातीचे पापुद्रे एकाच अंगावर निजलेले. जागच्या जागी झिजलेल्या मातीत ते कसेही पडलेले असतात. पाण्यानं फुगणारं खनिजही निघालं. म्हणजे हा माळ पूर्वी घसरलेला आहे.

सरपंच भडकले. "बाई, माझा आजा हितं गुरं राखायचा. कवा हललाय व्हय ह्यो माळ?" पुनर्वसनाच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, अहवालात जरा मोघम लिहा की. शक्यता नाकारता येत नाही, असं." सर, तुमचंच वाक्य! मी लिहिलं, "हा उतार सरकलेला आहे आणि पुन्हा सरकेल. इथे घरं बांधू नयेत." आणि सही ठोकली.

वाडी दुसरीकडे वसली. तिथून बायकांना पाण्याला लांब पडतं, हे खोटं नाही. यंदा पाऊस नुसता कोसळला, पण माळ हलला नाही. परवा कोडोलीच्या बाजारात सरपंचांनी गाठलं. "काय ओ बाई, हाय की माळ तितंच!" भोवतालचे हसले. मी म्हटलं, "असू दे. उद्या विचारलंत तरी तेच लिहीन." तुम्ही विचारलंत तरीही, सर.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढंच सांगते. कळंब्याच्या घरी पत्र्यावर पाऊस धडधडायला लागला की तो रिकामा माळ डोळ्यांपुढे येतो, आणि मी मनात म्हणते, सरक की एकदा.