बिस्ले घट्ट

डेट्रॉइट, १४ मार्च

प्रिय ताई,

मी खुशाल आहे. खोली उबदार आहे, आणि इथला पाव खाऊन कुणी मेल्याचं अजून ऐकलेलं नाही. आईचा गुडघा कसा आहे?

काम तसं सोपं. आपल्या स्टुटगार्टच्या शेठ लोकांच्या गाडीचा मागचा सांगाडा इथल्या गुरगुरणाऱ्या गाडीखाली बसवायचा. वरून पैलवान, खालून बँकेचा मॅनेजर. पळते छान. अडलंय ते आपल्या कंपनीच्या जुन्या ड्रॉइंग्जपाशी.

त्यांच्या कडेला पेन्सिलीनं आपल्या गावच्या बोलीत लिहिलंय, 'हा बोल्ट बिस्ले घट्ट.' इथला साहेब डॅरेल रोज विचारतो, "बाबा रे, बिस्ले म्हणजे किती?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

त्याला आकडा हवा. आपल्याकडे कुणी असा आकडा विचारला असता तर फोरमननं त्याला घरी पाठवलं असतं. मला मात्र त्या आकड्यापायीच घरी पाठवत नाहीत.

सहा महिन्यांसाठी आलो, तिसरं वर्ष लागलं. सगळ्या टिपांचे आकडे झाले की सोडतो म्हणतात. एक टीप संपली की डॅरेल आणखी चार शोधून आणतो. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी नक्की पोचतो, असं तिला सांग. तू मात्र त्यावर विसंबू नकोस.

आणि एक गोष्ट तिच्या कानावर घालू नकोस. ड्रॉइंग्जवरचं ते अक्षर माझंच आहे. पंचविशीत मी मुद्दाम तसं लिहायचो, माझ्यावाचून कंपनीचं अडावं म्हणून.

अडलंय.

तुझा धाकटा,
एबरहार्ट