गळणारे डबे

प्रिय वन्सं,

नमस्कार. पुढच्या महिन्यापासून तुमच्या भावासाठी शुश्रूषागृहात जागा मिळाली, हा तुमचा निरोप पोचला. तुमच्या घराजवळ, चोवीस तास नर्स, स्वच्छ खोली. तुम्ही किती खटपट केली असेल ते मला कळतं. माझ्या गुडघ्यांना ह्यांना उचलणं झेपत नाही, हेही खरंच आहे. ह्यांनी फोनवर लगेच हो म्हटलं तेव्हा मी शेजारीच भाजी निवडत बसले होते. मी मध्ये पडून अडवलं नाही याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. मलाही वाटलं.

आधी इकडची खबर सांगते. अर्धांगाचा झटका आल्यापासून हे खुर्चीत बसून भिंतीकडे बघत असायचे, ते तुम्ही पाहिलंच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या हाताला काम द्या. लसूण सोलायला दिला तर पाकळ्या घरभर. मग मी गॅलरीत सॅलडचा पाला, मुळे, काकडी लावायचं डोक्यात घेतलं. कुंड्या कोण आणणार? पण घरात टाकाऊ वस्तूंना काय तोटा! आइस्क्रीमचे डबे, आडवा कापलेला तेलाचा कॅन, पिचलेला टब, सगळं घासून घेतलं, तापल्या खिळ्याने बुडाला भोकं पाडली, माती भरली. पाणी घालायचं काम ह्यांच्याकडे.

रोपं झकास वर आली आणि एकाएकी पिवळी पडून माना टाकायला लागली. एक मुळा उपटून पाहिला तर खाली नुसता चिखल. डबा उलटा केला नि कपाळाला हात लावला. एकूण एक भोक पुट्टीने बुजवलेलं! जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केलेला माणूस. डबे ठिबकताना त्यांना बघवेना, म्हणून मी बाजारात गेले की एका हाताने हा उद्योग चाललेला. मी तोंड सोडलं. तर हेही भांडायला लागले! अडखळत, पण पूर्ण वाक्यात म्हणाले, की गळणारी वस्तू ते आपल्या घरात ठेवणार नाहीत. आजारपणानंतरचं त्यांचं ते पहिलं भांडण. मला इतका आनंद झाला, की मी ते मुद्दाम आणखी थोडं ताणलं.

शेवटी तडजोड झाली. भोकं राहतील, पण फरशीवर थेंब पडणार नाही. ह्यांनी खाटेखालून हत्यारांची पेटी ओढून काढली. वर एक मोठी बादली, तिला पाइप, पाइपाला बारीक तोट्या, प्रत्येक डब्यात थेंब थेंब पाणी, आणि उरलेलं खालच्या पन्हळीतून दुसऱ्या एका रिकाम्या कॅनमध्ये. स्क्रू पिळताना सारखा निसटायचा, मी मदतीला गेले की डोळे वटारायचे. आता काकडी कठड्यावर चढली आहे आणि पाला तर रोज खुडावा लागतो. मला वाटलं, माझा माणूस परत आला.

काल दुपारी सगळी जोडणी पुरी झाली. ह्यांनी मला जवळ बोलावलं आणि समजावून सांगितलं, की बादली एकदा भरली की तुला वाकायला नको, काही उचलायला नको. म्हणाले, मी तिकडे गेल्यावर तुझ्या गुडघ्यांचे हाल नकोत. वन्सं, मी समजत होते हे राहायची तयारी करताहेत, आणि हे निघायची करत होते. तुम्हाला हो म्हटलं तेही माझ्यासाठीच. मी रडले, पोटभर रडले. मग मला राग आला. आज सकाळी ह्यांच्यादेखत मी तो पाइप सोडवला आणि गुंडाळून माळ्यावर टाकला. पाणी मगानेच घालायचं, आणि ते ह्यांनीच उठून घालायचं. ह्यांना उठवायला सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस बाई ठरवली आहे. शुश्रूषागृहाला फोन करून जागा दुसऱ्या कुणा गरजूला द्या म्हणून सांगितलं. हे पत्र तुम्हाला विचारायला नाही, कळवायला लिहिते आहे. रागवा हवं तर, पण इथे येऊन रागवा. तुमचा भाऊ आधी तोंडातल्या तोंडात पुटपुटला, आणि मग कठड्याला धरून उभा राहिला.

तुमचीच,
हट्टी भावजय