अकरा की एकोणीस?

प्रिय अक्का,

अक्षरांचा विषय पुन्हा माझ्यापाशी काढायचा नाही, असं लेकीकडे राहायला जाताना तू मला बजावलं होतंस. इतके महिने मी तोंडाला कुलूप लावून बसले. फोनवर हवापाणी, जावईबापूंचा खोकला, लेकीच्या गच्चीतल्या कुंड्या, एवढ्यावरच भागवलं. आज मात्र ते कुलूप काढतेय.

आपला अक्षरांचा स्टुडिओ बरा चाललाय. तुझं टेबल रिकामं ठेवलंय असं सांगितलं तर तू खूश होशील, पण खोटं कशाला बोलू? तिथे मी प्रिंटर बसवलाय. खिडकीबाहेरची झाडं पिवळी पडली आणि दरवर्षीसारखी शाळांच्या पानगळीच्या सुट्टीची कामं एकदम अंगावर आली. बेकरीवाल्याला केकच्या खोक्यांवर नवी अक्षरं हवी होती आणि वाचनालयाला मुलांच्या सुट्टीतल्या कार्यक्रमांचं भलंमोठं पोस्टर. बेकरीवाला सरळ माणूस. त्याला जाड, गुबगुबीत फॉन्ट दिला, भट्टीत फुगून आल्यासारखा. एका फटक्यात पसंत! घोडं अडलं ते वाचनालयापाशी.

वाचनालयाच्या बाईंना अक्षरंसुद्धा पानांसारखी भिरभिरत खाली येणारी हवी होती. तू असतीस तर तोंडावर म्हणाली असतीस, "पानगळ झाडांची आहे, अक्षरांची नाही." मला काही ते जमलं नाही. उलट मीच हौसेने एक नाजूक, वळणदार फॉन्ट शोधून काढला. मात्रा वाऱ्याने उडाल्यासारख्या, वेलांट्यांना देठ, आकड्यांना लांबच लांब शेपट्या. दिसायला देखणा होता गं! नमुना छापून मी काचेवर लावला आणि आपल्याच कामावर लट्टू होऊन चहा घेत बसले.

तेवढ्यात एक आजी नातीचा हात धरून काचेपाशी थांबल्या. मान एका बाजूला कलती केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पोस्टर बघू लागल्या. अक्का, माझा चहा हातातच राहिला. डॉक्टरांकडे जाऊन आल्यापासून तू भिंतीवरचं घड्याळ असंच बघायचीस. मधोमध काही दिसत नाही, जे दिसतं ते कडेनेच, असं तू मला एकदाच सांगितलंस आणि पुढे एक शब्द बोलू दिला नाहीस.

आजी दार ढकलून आत आल्या. "काय हो, अकरा तारखेला किती वाजता आणू हिला?" मी म्हटलं, "अकरा नाही आजी, एकोणीस." त्या हसून म्हणाल्या, "मग तुमच्या नऊला एक व्हायची एवढी हौस कशाला?" नात खुदकन हसली, मीही हसले. पण त्या गेल्यावर पोस्टर उतरवलं. ती पोर अकराला नटूनथटून गेली असती आणि बंद दाराला हात लावून परत आली असती.

मग एकामागून एक फॉन्ट लावून बघितले. बारीक, जाड, रुंद, चेपलेले. पण माझे डोळे पडले धडधाकट, ते वाईट अक्षरालाही सांभाळून घेतात. डोळे किलकिले केले, उन्हाच्या चष्म्याला क्रीमसुद्धा फासून पाहिलं. सगळी सोंगं आणता येतात, हे काही आणता येईना.

शेवटी वाचनालयात जाऊन बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता चिडणार. पण त्या म्हणाल्या, सुट्टीत मुलांना घेऊन येणारे निम्मे तर आजी-आजोबाच असतात. मग नुसतं पोस्टरच कशाला, कपाटांवरच्या पाट्या, ओळखपत्रं, सगळंच नव्याने करूया. "पण बरोबर झालंय की नाही, हे तपासणार कोण?" तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं. तुला न विचारता कसं घेणार? रविवारपर्यंत कळवते, एवढंच म्हणाले.

या पत्राची तीन पानं मी तीन वेगवेगळ्या फॉन्टमध्ये छापलीत. आधी आईच्या हातात दे, वाचून दाखवू नकोस, असं तुझ्या लेकीला फोनवर दटावून सांगितलंय. कुठलं पान सरळ वाचता आलं, कुठे अडखळलीस आणि कुठलं वैतागून लेकीच्या हातात दिलंस, एवढं मला कळव. कीव येऊन विचारत नाहीये. आयुष्यभर फॉन्ट तूच निवडलेस, मी मान डोलावली. या कामाला अक्षरं जाणणारं माणूस हवंय आणि ती ज्याला नीट दिसत नाहीत असंही. तुझ्याशिवाय ही दोन माणसं एकात मी कुठून आणू? तिन्ही पानं टाकाऊ वाटली तर तसंही बेलाशक सांग. चौथा फॉन्ट शोधू.

तुझीच,
धाकटी